पोटापाण्याचा व्यायाम

पोट शरीरशास्त्रात एक असते आणि मराठीत दुसरेच. शरीरशास्त्राच्या मते बरगड्यांचा पिंजरा संपतो तिथपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंतचा भाग म्हणजे पोट. पुढून त्याला हाडाचा आधार नाही, जे काही सावरून धरायचे ते स्नायूंनीच. मराठीत मात्र पोटात माया असते, भीतीने गोळा येतो, भुकेने कावळे ओरडतात, शेजाऱ्याने गाडी घेतली की दुखते, आणि घरातल्या सगळ्यांचे अपराध घालायचे तेही पोटातच. इतका ऐवज ज्या जागेत ठेवायचा ती जागा सपाट असावी, ही अपेक्षा तशी अलीकडची. तिचा सर्वाधिक जाच ज्या वर्गाला होतो तो म्हणजे नोकरी करणारी आई. पोटासाठी ती दिवसभर धावत असते, त्यामुळे पोट कमी करण्यासाठी धावायला तिला वेळ मिळत नाही.

पोटाच्या भिंतीत स्नायूंच्या मुख्य चार जोड्या आहेत. सर्वांत पुढे बरगड्यांपासून खाली उतरणारे दोन उभे पट्टे असतात. सिनेमातले नट शर्ट काढून दाखवतात ते हेच. दोन्ही कुशींना तिरक्या स्नायूंचे दोन थर असतात. सगळ्यांच्या आत, कुणाच्या नजरेस न पडणारा, कंबरेभोवती पट्ट्यासारखा गुंडाळलेला आडवा स्नायू असतो. पोट आत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः हा करतो आणि फोटोत येतात ते पुढचे दोघे. ज्यांनी कुठल्याही ऑफिसात दोन वर्षे काढली आहेत त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गर्भारपणात पुढची जोडी मधोमध फाकते. दोन पट्ट्यांना सांधणारी पांढरी पट्टी बेंबीतून वरखाली जाते. नऊ महिन्यांत ती ताणून रुंद होते. या फटीला डॉक्टर डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण शेवटच्या महिन्यात जवळपास सगळ्याच बायकांना ती कमी-अधिक पडते. एरवी साठ-सत्तर ग्रॅमचे गर्भाशय दिवस भरत आले की किलोच्या घरात जाते आणि बाळंतपणानंतर सुमारे 6 आठवड्यांत मुकाट्याने मूळ मापावर येते. गर्भाशय शिस्तीचे आहे. पुढची भिंत तशी नाही. पहिल्या दोनेक महिन्यांत ती बरीच जवळ येते आणि मग सरकारी कचेरीतल्या फायलीप्रमाणे तिचा वेग मंदावतो.

पोट सुटल्याचे खापर सिझेरियनवर फोडण्याची पद्धत घरोघरी आहे. वास्तविक या शस्त्रक्रियेत उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात. कापली जाते ती कातडी, चरबी, स्नायूंवरचे आवरण आणि आतले थर. फट पडायची ती गर्भारपणातच पडलेली असते, मग बाळंतपण कुठल्याही रीतीने होवो. पण "सिझर झालं ना, म्हणून" हे वाक्य सासर आणि माहेर दोन्हीकडच्या मंडळींना सोयीचे पडते आणि सोयीची वाक्ये पुराव्यावाचून दीर्घायुषी होतात.

बाळंतिणीच्या खुराकाचाही इथे विचार करायला हवा. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथीचे लाडू, तुपात भिजलेला मऊ भात, ओवा, बाळंतशोपा हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे आणि त्यात तथ्य आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात. मात्र हा खुराक ठरला त्या काळी सव्वा महिना झाला की बाई जात्यावर, विहिरीवर आणि शेतावर परतत असे. आता ती चाकाच्या खुर्चीवर परतते. खुराकाने अजून या बदलाची दखल घेतलेली नाही. शिवाय लाडू बाळंतिणीसाठी केलेले असले तरी उरतात, आणि उरलेले अन्न संपवणे हे खाते घरात कुणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असते. पोट बांधण्याची चाल त्याच जुन्या शास्त्रातली. घट्ट पट्ट्याने कंबरेला आधार मिळतो, बरेही वाटते, पण पट्टा काम करीत असताना आतला स्नायू विश्रांती घेतो. पट्टा सोडला की पोट पुढे येते ते या सामोपचारामुळे.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. जिथे 50 किंवा त्याहून अधिक माणसे कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाऊ द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. सत्ताविसाव्या आठवड्यात ऑफिसला जायचे कपडे कमरेत बसतात की नाही, याबद्दल कायदा गप्प आहे. कपडे बसत नाहीत. मग खरेदी होते आणि या खरेदीबरोबर मोजमापाचा सारा इतिहास बदलतो.

पूर्वी बाईचे पोट मोजायला परकराची नाडी पुरेशी असे. गाठीनंतर उरलेले नाडीचे टोक आखूड व्हायला लागले की बोलण्याची गरज उरत नसे. सहावारीच्या निऱ्या दोन-तीन कमी पडल्या तर तीच बातमी अधिक ठळकपणे कळे. लेगिंगचे इलॅस्टिक या बाबतीत फार सभ्य आहे. ते तक्रार करीत नाही, कुणाला काही सांगत नाही, आणि दोन वर्षांत कंबर चार इंच वाढली तरी आपली माया पातळ होऊ देत नाही. त्यावर लांब कुर्ती आणि तिच्यावर ओढणी घेतली की पोट दप्तरी दाखल होते, पण चर्चेला येत नाही. वैद्यकाला ही सभ्यता मंजूर नाही. भारतीय बायकांसाठी कमरेची धोक्याची रेघ 80 सेंटिमीटरवर ओढलेली आहे, पुरुषांसाठी 90. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये धरायची आणि श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचायचा. श्वास आत ओढून घेतलेली मापे घरोघर उपलब्ध आहेत. ती ग्राह्य नाहीत.

मोजमापाचे सर्वांत अचूक केंद्र मात्र लोकलच्या बायकांच्या डब्यात आहे. सगळ्या गाडीभर बायकाच, अशी लेडीज स्पेशल पश्चिम रेल्वेने 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली सुरू केली. पण मध्य असो वा पश्चिम, बायकांच्या डब्याची दृष्टी एकच. तिथे मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, हळदीकुंकू होते आणि नव्याने चढलेल्या बाईकडे एक नजर टाकून कुणीतरी प्रेमाने विचारते, "कितवा गं?" प्रश्नाचे खरे उत्तर "मोठा चौथीत आहे" हे असते. पण प्रश्न विचारणारी तोवर अर्धी उठलेली असते. संध्याकाळची डोंबिवली फास्ट, पाठीवर लॅपटॉप, हातात भाजीची पिशवी, आणि समोर पूर्ण रिकामी, तिघींच्या बाकाला कडेने टेकायची चौथी नव्हे, खिडकीची सीट. खरे बोलले तर पाच मिनिटे डब्यात अवघडलेपण आणि तासभर उभे राहणे, खोटे बोलले तर बसणे. बहुतेक जणी इथे खरेही बोलत नाहीत आणि खोटेही. त्या नुसत्या हसतात आणि बसतात. कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या भाषणाने न झालेला निश्चय पुढे घाटकोपर येईपर्यंत पक्का होतो. उद्यापासून व्यायाम.

उद्याची वेळ पहाटे पाचची ठरते, कारण व्यायामाची सर्व पुस्तके पहाटे पाच वाजता लिहिलेली असावीत. मराठी घरात व्यायाम म्हटले की आधी सूर्यनमस्कार आठवतात. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा ध्यास घेतला, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले. त्यांच्या पद्धतीवरचे 'द टेन पॉइंट वे टू हेल्थ' हे इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनमध्ये निघाले. पद्धत उत्तम आहे. वाकणे, ताणणे, हातांवर तोल धरणे या सगळ्यांत पोटाचा पुढचा-मागचा प्रत्येक स्नायू कामाला लागतो. फक्त ती राजाने घालून दिलेली आहे, आणि राजाच्या गॅसवर दूध नव्हते. नोकरदार आई चौथ्या स्थितीत पोहोचते तेव्हा दूध वर येते. सहाव्या स्थितीत साष्टांग पडली असताना सासूबाई पाणी प्यायला उठतात आणि अंधारात ठेचकाळून विचारतात, "अगं बाई, पडलीस का?" आठव्या स्थितीत "आई, माझी झाली" अशी हाक येते. ही हाक ज्यांना कळते त्यांना खुलासा नको, आणि ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी खुलासा करण्याची ही जागा नव्हे.

प्लँक हा प्रकार त्यामानाने सुटसुटीत वाटतो. कोपरे आणि पायांची बोटे टेकून अंग फळीसारखे सरळ धरायचे, बस्स. आतल्या आडव्या स्नायूला हे काम लागू पडते. परंतु दीड ते पाच वर्षांच्या मुलाला जमिनीला समांतर असलेली आई म्हणजे घोडा वाटते. बारा किलोचा स्वार पाठीवर बसला की व्यायामाची काठिण्यपातळी व्यावसायिक खेळाडूंच्या जवळ जाते आणि कालावधी सात सेकंदांवर येतो. पोटाच्या बैठका, म्हणजे उताणे पडून पुन्हा पुन्हा उठणे, हा लोकांच्या सर्वांत आवडीचा आणि या प्रकरणात सर्वांत कमी कामाचा प्रकार. जिथला व्यायाम करावा तिथलीच चरबी वितळेल, असा हिशेब शरीर ठेवत नाही. चरबी सगळ्या अंगातून, आपल्या मर्जीने आणि कुठून आधी हे न विचारता जाते. आणि मधली फट मोठी असेल तर या बैठकांनी पोट मध्येच तंबूच्या कण्यासारखे वर येते. असे दिसले की तो व्यायाम तूर्त बंद करायचा. कपालभातीचेही तेच. टीव्हीवर पाहून ती घराघरांत पोहोचली, पण गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत ती करायची नसते, हे सांगायच्या वेळी बहुधा जाहिरात लागलेली असते.

पहाट फसली की पावले मोजणे सुरू होते. रोज दहा हजार पावले हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राचे नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे होते. नाव लोकांना आवडले आणि तेच आरोग्याचे प्रमाण होऊन बसले. मनगटावरचे घड्याळ आता ही पावले मोजते. मात्र दोन्ही हातांत पिशव्या धरून हात न हलवता चाललेली पावले ते बऱ्याचदा धरत नाही, आणि बसल्या जागी पोळ्या लाटल्या तर कधी कधी धरते. त्यामुळे बाजारहाट केलेल्या दिवशी बाई आळशी ठरते आणि पुरणपोळीच्या दिवशी आठ हजार पावले चाललेली असते.

आता आहार. महाराष्ट्रात या विषयावर दोन घराणी आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभी असलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत सांगते की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात की दर दोनेक तासांनी थोडे थोडे खा. 2018 च्या सुमारास या दोन मतांवरून कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत जी रणे माजली त्यांत काही आत्याबाई गट सोडून गेल्या त्या अजून परतलेल्या नाहीत. नोकरदार आई कुणालाच दुखवीत नाही. ती बसून दोनदा जेवते आणि उभ्याने दर दोन तासांनी खाते. उभ्याने खाल्लेल्याची नोंद कुठल्याही आहार-वहीत होत नाही: मुलाच्या ताटातला अर्धा पराठा, टाकवत नाही म्हणून खाल्लेला तळाचा शिरा, मीठ बघायला म्हणून घेतलेली आमटी, डब्यातून परत आलेले आणि दिवसभर उकडलेले सँडविच. अन्न पूर्णब्रह्म असल्यामुळे ते कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाही. ते आईत टाकतात. ऑफिसातला वाढदिवसाचा केक हे वेगळे प्रकरण आहे. तो नाकारला तर "डाएट वाटतं?" असे सर्वांसमोर विचारले जाते आणि खाल्ला तर तेच जरा हळू आवाजात.

एवढे राबूनही पोट का राहते, हा प्रश्न जुन्या बायका जरा निराळ्या सुरात विचारतात. "आमच्या वेळी जातं होतं, पाटा-वरवंटा होता, कुणाला जिम माहीत होती?" यात तथ्य आहे. उकिडवे बसणे, वाकणे, उचलणे यांत पोटाला काम होते आणि मिक्सरच्या बटणात ते नाही. जे सांगायचे राहते ते असे की त्या बायकांची पोटेही सपाट नसत, फक्त नऊवारीच्या ओच्यात ती कुणी पाहिली नव्हती. शिवाय कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टात जो स्नायू आधीच दमला आहे तोच पुन्हा दमतो. दिवसभर ओट्याशी उभ्या बाईची कंबर आणि टाचा काम करतात. पोटाचा आतला स्नायू ढिलाच राहतो आणि पाठ त्याचा भार उचलते.

कष्टांचा हिशेब सरकारने केलेला आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची त्यातली सरासरी दिवसाला 299 मिनिटे निघाली, करणाऱ्या पुरुषांची 97. मुलांच्या आणि घरच्या माणसांच्या देखभालीत बायकांची 134, पुरुषांची 76. यातला 299 हा आकडा मोठा मार्मिक आहे. पाच तासांना एक मिनिट कमी. ते मिनिट प्लँकसाठी सोडले असावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी सांगितलेले प्रमाण आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे काम असे आहे. म्हणजे दिवसाला बाविसेक मिनिटे. 299 आणि 97 यांच्यात 202 मिनिटांचे अंतर आहे. बावीस मिनिटे कुठून आणायची हा प्रश्न एवढ्याने वैद्यकाच्या हद्दीतून निघून अंकगणिताच्या हद्दीत येतो, आणि शेजारच्या खोलीत मॅच बघत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचतो.

ही मिनिटे मिळालीच तर त्यांत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते दिसायला अगदी गबाळे आहे. बाळंतपण साधे असेल तर डॉक्टरांना विचारून हलके श्वासाचे प्रकार लवकर सुरू करता येतात. सिझेरियननंतर सहसा 6 ते 8 आठवडे थांबून, तपासणी झाल्यावर. आधी फट पाहायची: उताणे निजून गुडघे दुमडायचे, डोके किंचित उचलायचे आणि बेंबीच्या वरखाली बोटे आडवी ठेवायची. दोनाहून अधिक बोटे आत मावली तर फिजिओथेरपिस्टला दाखवलेले बरे. मग सुरुवात श्वासापासून. श्वास सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे हळू ओढायची आणि ओटीपोटाचा तळ वर उचलून धरायचा. हे उताणे पडून जमले की टाच जमिनीवरून सरकवत एकेक पाय लांब करायचा, नंतर गुडघे दुमडून कंबर उचलायची, प्लँक सगळ्यात शेवटी आणि तोही आधी भिंतीला हात टेकून. मूल उचलताना, पाण्याची बादली उचलताना, जिना चढताना श्वास सोडत पोट आत घेण्याची सवय लागली की तेवढा व्यायाम कामातच जमा होतो. लोकलच्या चौथ्या सीटवर एका मांडीवर तोल धरून कल्याणपर्यंत बसणाऱ्या बाईला हा आडवा स्नायू बराचसा सापडलेलाच असतो. तिला फक्त त्याचे नाव माहीत नसते. जेवणात डाळ, उसळ, ताक, अंडे यांचे माप थोडे वाढवायचे आणि ताटातले उरलेले मुलाच्या बापाच्या समोर सरकवायचे. झोपेबद्दल लिहिण्यासारखे बरेच आहे, पण वाचणारीला तेवढ्यात जांभई यायची.

दोन-तीन महिन्यांत कंबर हलते. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात, त्यामुळे पंधरा दिवसांत पोट गायब करणाऱ्या जाहिरातींतली बाई पंधरा दिवसांपूर्वीही तशीच होती, एवढे गृहीत धरावे. ताणलेली कातडी आणि ओटीवरची घडी थोडीफार राहते. तिच्यावर कुठल्याही स्नायूची सत्ता नाही.

साधन एकच लागते, ते म्हणजे मॅट. ती कुठे ठेवावी याला महत्त्व आहे. पलंगाखाली ठेवली तर एप्रिलमध्ये तिच्यावर कुरडया वाळत पडतात आणि नंतर तिला हिंगाचा वास येतो. दिवाणखान्यात ठेवली तर मुलांचा तंबू होतो. कपाटावर तर मुळीच ठेवू नये. कपाटावरची वस्तू काढायला स्टूल लागते आणि स्टुलावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात.